ज्वारीतला ट्रान्झिस्टर

लेकीच्या फोनवर इंटरनेट रेडिओ सुरू झाला, की मी आधी दार लावते. त्यावर दिवसभर नुसतं यंत्रांचं संगीत, किर्रर्र, टूं-टूं.

माझ्या लहानपणी युद्धाचे दिवस होते, नागपुरात ब्लॅकआउट. दादाच्या ट्रान्झिस्टरवर कुठलंसं परदेशी स्टेशन लागलं, त्यावर असलेच आवाज. "हा तं हेरांचा संदेश हाय!" शेजारच्या काकू पुटपुटल्या. तेवढ्यात दार वाजलं. घाबरून आईनं ट्रान्झिस्टर चालूच ज्वारीच्या कोठीत खुपसला.

दारात हवालदार. "बाई, उजेड बाहेर दिसून राहिला."

आईनं कंदील विझवला. अंधारात कोठी किर्रकिर्रली. हवालदार थबकला. आईची बोटं माझ्या दंडात रुतली.

"ज्वारी उन्हात टाका," तो म्हणाला. "लय किडे झाले."

तेव्हा कुणीच हसलं नाही. आता मी हसते, पण दार लावल्यावर.