अकुबाबाईंचा पिकीमान

अकुबाबाई एक वाक्य बोलायच्या आणि थांबायच्या.

इंग्लंडातल्या लेस्टरच्या लोकांना वाटायचं, संपलं. बसड्रायव्हर "लव्हली, मी डक!" (म्हणजे तिकडचं 'माय डियर') म्हणून दार लावून टाकायचा. एकदा दवाखान्याच्या खिडकीशी त्या म्हणाल्या, "माझा उजवा गुडघा," आणि थांबल्या. "थँक यू, नेक्स्ट!" गुडघ्याचं पुढे काय, ते दवाखान्यात आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

बाई काही विसरायच्या नाहीत, अडखळायच्याही नाहीत. त्या वाट बघायच्या. अकुबा पिनास या न्द्यूका. (म्हणताना आधी नाकात 'न्' दाबून धरायचा आणि मग 'द्यूका' सोडून द्यायचं. शिंक येता येता राहिल्यासारखं वाटलं की जमलं.) ब्राझीलच्या डोक्यावर सुरिनाम नावाचा देश आहे, तिथल्या नदीकाठच्या जंगलातली ही माणसं. यांचे पूर्वज मळ्यांवरचे गुलाम. ते पळाले, जंगलात गावं वसवली आणि मळेवाल्यांना असं सळो की पळो करून सोडलं की शेवटी सरकारच तह करायला आलं. ठिकठिकाणांहून धरून आणलेल्या या माणसांनी आपसांत बोलायला भाषाही घडवली. तिच्यात मळ्यावरचे इंग्रजी शब्दसुद्धा घेतले, पण आपल्या तालावर नाचवून. वॉकचं वाका, वॉटरचं वाता, फायरचं फाया. अकुबाबाईंचं मत विचाराल तर इंग्रज लोक न्द्यूकाच बोलतात, फक्त शेपूट गिळून.

तर या लोकांच्या पंचायतीत कुणी उठून एकट्याने बडबडत सुटत नाही. समोर एक पिकीमान लागतो. बोलणारा एक वाक्य बोलतो, थांबतो, पिकीमान म्हणतो, "इया." पुढचं वाक्य. "ना सो." म्हणजे, असंच आहे. आपल्या पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी 'जी जी रं जी' करतात ना, त्यांचाच हा लांबचा भाऊ, गाण्याचं अंग नसलेला. तो नसेल तर बोलणं म्हणजे नुसती वाफ.

अकरा वर्षं बाई हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालत होत्या. चादरी उत्तर देत नाहीत.

उत्तर आलं ते कुंपणापलीकडून. कौन्सिल भाजी लावायला जमिनीचे तुकडे देतं, त्या अलॉटमेंटवर. बाई आपल्याशीच म्हणाल्या, "बटाट्याला कीड लागली."

"हो का!"

बाईंनी वळून पाहिलं. कुंपणामागे लोकरी टोपी. त्यांनी जपून दुसरं वाक्य टाकलं. "मागच्या वर्षीही लागली होती."

"अरे बापरे!"

त्या दिवशी अकरा वर्षांची साठलेली वाक्यं बाहेर पडली. गुडघ्याचंसुद्धा.

हे पद्माकर. बस डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक, मूळचे पुण्याचे. त्यांना कळलं की न्द्यूकात 'मी' म्हणजे मीच, तेव्हा त्यांनी घरी जाऊन जाहीर केलं, "अगं, त्या आपल्यातल्याच निघाल्या!"

"एका शब्दावरून?" सुप्रभाताई म्हणाल्या. "मग बाकीचे चार-पाच हजार शब्द शिकवून या."

"हो का," पद्माकर म्हणाले. पेपर वाचत होते.

सुप्रभाताईंनी अकुबाबाईंना सावध केलं होतं. "चाळीस वर्षं मला 'हो का' म्हणतायत. ऐकलं मात्र एकही वाक्य नाही."

"पिकीमानचं काम उत्तर द्यायचं," अकुबाबाई शांतपणे म्हणाल्या. "ऐकलं तर उत्तमच."

सगळं छान चाललं होतं, आणि एप्रिलमध्ये पत्र आलं. अलॉटमेंटच्या कमिटीचे चेअरमन डेरेक टॉमलिन कळवत होते की अवजारांच्या शेडचं दार महिन्याभरात हिरवं करावं, नाहीतर जागा सोडावी.

अकुबाबाईंच्या शेडचं दार हिरवं नव्हतं. लाल, निळे, पांढरे, पिवळे पट्टे एकमेकांत असे गुंतलेले की डोळा एकदा आत शिरला की बाहेरची वाट सापडत नाही. या चित्रकलेला न्द्यूका लोक तेंबे म्हणतात. बाईंचा थोरला भाऊ क्वाकू सुरिनामहून तीन आठवड्यांसाठी आला होता आणि तिन्ही आठवडे दारासमोर उकिडवा बसला होता. लेस्टर शहर म्हणून त्याने हे दारच पाहिलं. आता त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा आलाय. दुसरं दार तो रंगवणार नाही. पत्राबद्दल बाई त्याला फोनवर एक अक्षर बोलल्या नाहीत.

"मीटिंगमध्ये बोलते," त्या पद्माकरांना म्हणाल्या.

"डेरेकसमोर?" पद्माकरांनी चक्क पूर्ण वाक्य केलं. "तो कुणाला बोलू देत नाही हो!"

खरंच होतं. डेरेक प्रत्येकाच्या श्वासात घुसायचा. तुम्ही हवा आत घेतली की तो आधी घसा "हं-हं-हम्" करणार, मग "विथ रिस्पेक्ट..." आणि मग तुमचं बोलणं संपलेलं. त्यात अकुबाबाई तर प्रत्येक वाक्याला थांबणार. डेरेकला आयतं कुरणच.

शनिवारी दुपारी दोनला चर्चच्या हॉलमध्ये बाई पद्माकरांना शेजारी घेऊन उभ्या राहिल्या.

"हे कोण?" डेरेक.

"माझा पिकीमान. याच्याशिवाय मला सभेत बोलता येत नाही. आमच्या भाषेची पद्धत आहे."

भाषा म्हटल्यावर डेरेकला कौन्सिलचा समानतेचा फॉर्म आठवला. चौदा पानी, नाही म्हटलं की भरावा लागणारा. "इंटरप्रिटर. फाइन," तो घाईने म्हणाला.

"हे दार माझ्या भावाने रंगवलं," बाई म्हणाल्या आणि थांबल्या.

"हं-हं-हम्, विथ..."

"हो का!" पद्माकर.

डेरेकची फट बुजली होती. त्याने तोंड मिटलं.

"तो त्यासाठी समुद्र ओलांडून आला."

"विथ रि..."

"अरे वा!"

"आता त्याला दिसत नाही."

"अरेरे. ना सो."

डेरेक मासळीसारखा तोंड उघडत होता आणि मिटत होता. चौथ्या वाक्याला मागच्या रांगेतल्या, कांदे लावणाऱ्या आजीबाई म्हणाल्या, "ना सो!" सहाव्याला अर्धा हॉल. कुणाला अर्थ माहीत नव्हता, पण म्हणायला मजा येत होती. बाई तब्बल सोळा वाक्यं बोलल्या. लेस्टरमधला त्यांचा विक्रम.

मग डेरेक उठला. "नियम म्हणजे नियम. दार हिरवंच हवं."

"हो का!" पद्माकर उत्साहाने म्हणाले.

पहिल्या रांगेत बसलेल्या सुप्रभाताईंनी उठून कोपर मारलं. "अहो! तो आपल्या विरुद्ध बोलतोय! त्याला कसलं हो का?"

पद्माकर ओशाळले. पण अकुबाबाईंनी मान हलवली. "थांबवू नका. पिकीमान माझा एकटीचा नाही, सभेचा आहे. जो बोलेल त्याला उत्तर."

आता झालं असं, की तेवीस वर्षं चेअरमन असलेल्या डेरेकला आजवर कुणी 'हो का' म्हटलेलंच नव्हतं. लोक घड्याळ बघायचे. तो जरा चाचरला, मग पुढे गेला.

"मी चेअरमन झालो तेव्हा हा नियम मीच केला."

"असं!"

"कारण माझ्या आधीच्या चेअरमनने माझं दार मला हिरवं करायला लावलं होतं."

"अरेच्चा!"

"पिवळं होतं ते. कस्टर्डसारखं पिवळं!" डेरेकचा आवाज चढला. "तेव्हा नियमही नव्हता! त्याला नुसतं आवडलं नाही म्हणून! आणि मी मुकाट्याने रंगवलं! मग बाकीच्यांनी का सुटावं?"

"ना सो," अख्खा हॉल म्हणाला.

डेरेकला आपलं शेवटचं वाक्य तेव्हा ऐकू आलं. कानांच्या पाळ्यांपासून सुरू होऊन तो रंगत गेला, आणि तोही हिरवा नाही. "मत घेऊ," तो कसाबसा म्हणाला. हात मोजायची गरज पडली नाही. स्वतः डेरेकचा हात खांद्यापर्यंत जाऊन, कान खाजवून खाली आला. दार राहिलं.

दुसऱ्या दिवशी अकुबाबाईंनी भावाला फोन लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. पत्र, हॉल, कांदेवाल्या आजी. प्रत्येक वाक्यानंतर त्या थांबायच्या आणि समुद्रापलीकडून क्वाकूचा खर्जातला आवाज यायचा, "इया."

शेवटी त्याने विचारलं, "पिकीमान कोण होता?"

"शेजारी. लांबच्या देशाचा आहे. पण चांगला जमतो."

"इया. माणूस मोठा आहे. त्याच्या शेडचं दार कसंय?"

"हिरवं," अकुबाबाई म्हणाल्या आणि थांबल्या.

पहिल्यांदाच पलीकडून 'इया' आलं नाही.

"बिचारा," क्वाकू म्हणाला.