काकांच्या नावची मूठ

आमच्या भाऊबंदकीच्या ग्रुपवर लेख टाकायचा मान काकांचा होता. माझ्या वडिलांचे हे धाकटे भाऊ. उभा जन्म सुरतेत, पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये गेला, आता कोसाडच्या वसाहतीत काकूबरोबर दोघंच राहतात, मूलबाळ नाही. हातात मोबाईल आला आणि काका विचारवंत झाले.

त्या दिवशीचा लेख एका पक्षाची आरती होती, आणि तीसुद्धा बेसूर. सुरतेतल्या मराठी शाळा ओस पडल्या त्याला पालकच जबाबदार, त्यावरून ओरडणारे सगळे विरोधकांचे भाडोत्री, असं त्यात होतं. लिहिणाऱ्यानं शाळेचं फाटकही पाहिलं नसावं. मला वाचताना किळस आली.

माझा थोरला भाऊ कापड मार्केटमध्ये हिशेब सांभाळतो आणि दुसऱ्या पक्षाची आरती करतो. ग्रुपचा अ‍ॅडमिनही तोच. त्यानं लिहिलं, "काका, मिलमध्ये कापडाची ट्रॉली ढकलायचात, आता लेख ढकलता. आत काय भरलंय ते तेव्हाही ठाऊक नव्हतं, आताही नाही." खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. त्यात काकांनीच ज्यांना गावाहून आणून मिलमध्ये चिकटवलं होतं ते दोन पुतणेही होते. आमच्यात उपकार फेडायची हीच रीत आहे.

काका ग्रुपमधून बाहेर पडले. भावानं अंगठा दाखवला.

मग बमरोलीची वहिनी बोलली. आमच्या चुलतभावाची ही बायको घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवते. एरवी ग्रुपवर तिचे फक्त हात जोडलेले असतात. तिनं लिहिलं, "लेख खोटा असेल. पण माझी पोरगी गुजराती शाळेत जाते. गावाहून आजीनं मराठीत लिहिलेलं तिला वाचता येत नाही. मी कोणत्या पक्षाला विचारू?"

आणि काय आश्चर्य, माणसं माणसांसारखी बोलायला लागली. मराठीत शिकून पोराला ऑफिसात कोण घेणार या भीतीनं शाळा बदलली, असं एकानं कबूल केलं. दुसरा म्हणाला, मराठी शाळा लांब, रस्त्यात टेम्पोंची गर्दी, पोरीला एकटी कशी धाडू? घरात आम्ही अहिराणी बोलतो आणि पोरं हिंदीत उत्तर देतात, याची लाज सगळ्यांनाच होती, पण बोलत कोणी नव्हतं. कोणी कोणाची आई काढली नाही. आमच्या खानदानात हे नवीनच. शेवटी ठरलं, दर रविवारी पांडेसऱ्याला आमच्या घरी पोरांना मराठी वाचायला शिकवायचं. शिकवायचं काम माझ्याकडे आलं.

असल्या पक्षपाती लेखातून काही चांगलं निघू शकतं का, असं मला कोणी विचारलं तर मी हो म्हणतो. उकिरड्यावरही भोपळ्याचा वेल चढतो. पण तिथं कचरा ज्यानं आणून टाकला त्याला भोपळा चाखायला मिळत नाही.

काकांना परत घे, असं मी भावाला सांगितलं. "आधी माफी मागू दे," तो म्हणाला. मला त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

श्रावणात आमची देवी कानबाई आली. खान्देशी माणूस सुरतेत काहीही सोडेल, कानबाई नाही. तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक हयात पुरुषाच्या नावानं गव्हाची मूठ काढतात, ते गहू दळतात आणि तो रोट फक्त भाऊबंदच खातात. आमची आई घरात सगळ्यांत मोठी, ती तोंडपाठ नावं घेत मूठ काढायची. यंदा भावाला हौस आली. घराघरानं आपापली नावं ग्रुपवर टाकायची आणि रविवारच्या वर्गातल्या पोरांनी ती मोबाईलवरून वाचायची. वाचायचा मान माझ्या लेकीला मिळाला.

काका-काकू नारळ घेऊन सकाळीच आले होते, दाराशी बसले होते. लेक एकेक नाव वाचत होती, आई परातीत मूठ टाकत होती. जोडाक्षरावरही पोरगी अडली नाही. नावं संपली. काकांचं नाव आलं नाही. येणार कुठून? त्यांच्या घरचं कोणी ग्रुपवर नव्हतं.

आईची मूठ गव्हात तशीच राहिली. तिनं भावाकडे पाहिलं.

"जे ग्रुपवर नाहीत, ते नाहीत," भाऊ म्हणाला. "दळायला न्या."

"काकांची काढ, आई," मी म्हणालो. माझ्या आवाजानं लेक दचकली. तोवर भावानं परात उचलली होती. ते दोन पुतणे खाली बघत त्याच्यामागे निघाले.

टाळ्या वाजल्या त्या काकांच्या. "पोर चांगली वाचस," ते म्हणत होते. लेक लाजून हसली. तिला वाटलं, आपण जिंकलो.

काकूनं त्यांचे दोन्ही हात धरून खाली आणले.

"टाळ्या काय पिटी ऱ्हायनात? मरेल माणूसना नावनी मूठ काढतस नहीत. उठा, चाला घर."