मोरीतली लोकर

आमच्या घरात कपडे धुवायचे तर एका वेळी एकच बादली ओतायची. दुसरी ओतली की मोरी आधी ढेकर देते, मग जाळीतून काळपट पाणी वर येतं आणि लोकरीचे बारीक तंतू माझ्या पायांभोवती फिरायला लागतात. मोठ्या हौसेनं मी वॉशिंग मशीन आणलं होतं. ते पाणी एकदम सोडतं, म्हणून पहिल्याच दिवशी बंद करावं लागलं. आता मायनं त्यावर कांद्याची टोपली ठेवलीय. शेजारीण विचारते, अख्ख्या अंबडात मोरी साफ करणारा माणूस मिळत नाही का? मिळतो. मीच बोलावत नाही.

मोरी मधल्या खोलीच्या कोपऱ्यात आहे, वीतभर कठड्याची. वडील होते तोवर ती कधी तुंबली नाही. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दर रविवारी ते बांबूची लांब कामटी घेऊन मोरीत उकिडवे बसायचे, केसांचा गुंता आणि साबणाचा गाळ बाहेर काढायचे आणि मला ऐकवायचे, "जाळी काढून पाणी सोडायचं न्हाई. बिलकुल न्हाई." मी हो म्हणायचे आणि त्यांची पाठ वळली की जाळी काढून बाजूला ठेवायचे. पाणी हळूहळू जाताना बघत उभं राहणं माझ्या स्वभावात नाही.

त्यांचं एक काळं घोंगडं होतं. आमच्या घराण्यात कधीकाळी मेंढरं होती. मेंढरं गेली, घोंगडं तेवढं राहिलं. शेवटच्या आजारात ते त्याच्याखालीच होते आणि मोरीजवळच्या खाटेवर, त्याच्याखालीच गेले. बाकीचं अंथरूण-पांघरूण आत्यानं देऊन टाकलं. घोंगडं मात्र मायनं सोडलं नाही.

आमच्याकडे तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, जिथं प्राण गेला त्या जागी पीठ पसरतात, दिवा लावतात आणि पिठावर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलायची. पिठावर जे पाऊल उमटलं असेल, त्या जन्माला माणूस गेला असं समजायचं. मी असलं काही मानत नाही, निदान तेव्हा मानत नव्हते. पण तीन दिवस पाण्याच्या घोटापलीकडे काही न घेतलेली माय त्या संध्याकाळी उठली, ज्वारीचं पीठ फडक्यातून तीनदा गाळलं आणि स्वतःच्या हातानं पसरलं. तो माणूस आता कुठे आहे, एवढंच तिला कळायला हवं होतं. त्यापलीकडे तिनं कुणाकडे काहीच मागितलं नव्हतं.

पहाटे मला जाग आली. माय परसात गेली होती, आत्या बाहेरच्या खोलीत झोपली होती. घोंगड्याला आजाराचा वास येतो म्हणून आत्या आदल्या दिवशी दोनदा बोलली होती आणि माझं डोकं तिथंच अडकलं होतं. आता हिचं तोंड बंदच करते, असं म्हणत मी ते मोरीत ओढलं. कढत पाणी ओतलं, मूठभर पावडर टाकली आणि पायांनी तुडवलं. घोंगडं असं धुवायचं नसतं, उन्हात टाकायचं असतं. त्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते, हे मला लहानपणापासून माहीत होतं. खळ सुटली, लोकर सुटली, सगळा चिकट काला झाला. पाणी जाईना म्हणून सवयीप्रमाणे जाळी काढली. तो काला गटकन आत गेला. मला बरं वाटलं, म्हणून आणखी दोन बादल्या ओतल्या.

मोरीनं ढेकर दिली. पाणी वर आलं, कठडा ओलांडून खोलीत शिरलं आणि सरळ टोपलीखाली गेलं.

मी टोपली उचलली. पिठाची लापशी झाली होती. एक कोपरा अजून कोरडा होता आणि त्यावर काहीतरी होतं. खूण होती, एवढं नक्की. पण परसात मायची बादली वाजली आणि मी फडक्यानं सगळं एका फटक्यात पुसून काढलं. फरशी कोरडी केली, जो डबा हाताला लागला त्यातलं पीठ पसरलं आणि तीन बोटं पुढे, एक मागे अशी दाबली. टोपली पुन्हा पालथी घातली.

सगळ्यांसमोर टोपली उचलली ती आत्यानं. "पाखरू! पाखराचं पाऊल उमटलं गं!" माय वाकली, बराच वेळ बघत राहिली, मग तिनं हात जोडले. त्या दिवशी तिनं अर्धी भाकरी खाल्ली. मला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच स्वतःची शिसारी आली.

घोंगडं धुताना विरघळलं एवढं मी मायला सांगितलं, पिठाचं नाही. मोरी तेव्हापासून अशी आहे. महिन्याभरात घराच्या मागे, जिथं तिचा पाइप नालीत पडतो, तिथं एक साळुंकी यायला लागली. पाइपाच्या तोंडाशी अडकलेली काळी लोकर चोचीनं उपटून न्यायची. मायनं मला हाक मारून दाखवलं. "बघ, पाखरू त्यांचं घोंगडं नेऊन राह्यलंय." भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. खोटं मी केलं होतं, बोटांनी केलं होतं, आणि ते चोच घेऊन समोर उभं होतं. मी घाईघाईनं म्हणाले, "उद्या माणूस बोलावून पाइप साफ करून घेते." माय म्हणाली, "राहू दे. नेतंय तर नेऊ दे."

तेव्हापासून कपडे धुताना मला भीती वाटते. हे कुणाला सांगितलेलं नाही. पाणी चढतं, ओल्या लोकरीचा वास सुटतो आणि दादा मागे उकिडवे बसलेत असं वाटून मी मान वळवत नाही. तो कोरडा कोपरा डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करते. कधी दोन ठिपके दिसतात, कधी लहान मुलाच्या बोटांसारखं काहीतरी. फडकं मात्र प्रत्येक वेळी दिसतं.

परवा मी मायची लुगडी धुवत होते. माय उंबऱ्यात शेवग्याचा पाला निवडत बसली होती. पाणी वर आलं तशी मी थांबले. ती पाल्यातून मान वर न करता म्हणाली, "म्या ज्वारीचं पीठ पसरलं व्हतं. सकाळी गव्हाचं निघालं."

माझ्या हातातलं लुगडं पाण्यात पडलं.

"मंग तेव्हा बोलली का न्हाईस, माय?"

"तुझ्या बोटाला पीठ लागल्तं. हात थरथर करून राह्यल्ते." तिनं एक काडी बाजूला टाकली. "पाखराचं राहू दे आता. त्याच्या आधी काय उमटल्तं, तेवढं सांग."

हे विचारायला ती इतकी वर्षं थांबली होती. खोटं आणखी एकदा सहज बोलता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं.

"खूण व्हती. कशाची ते न्हाई बघितलं. न बघताच पुसलं."

पाणी पार जाळीपर्यंत उतरलं तोवर ती पाला निवडत राहिली. मग ताट उचलून उठली.

"माझ्या टायमाला पीठ पसरायच्या आधी मोरी मोकळी करून घे," ती म्हणाली.

मी हो म्हणाले. मोरी अजून तशीच आहे. ती मोकळी करायला माझा हात धजत नाही.