लिंबातलं बोट

"हात हाय तं भात हाय," असं शकुनबाई येताजाता म्हणायची, आणि कोंढा गावातल्या भाताच्या बांधीत तिची रोवणी पाहिली की ते पटायचंही. चिखलात बोट खुपसलं की रोप उभं. बाकीच्या बाया गाणं म्हणत मागं राहायच्या, ही पार शेताच्या कडेला, धुऱ्याला जाऊन टेकायची.

ज्येष्ठात कुंपण सारखं करताना उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटात बाभळीचा काटा मोडला. बोट सुजलं. नखुरडं असेल म्हणून तिनं लिंबाला भोक पाडून बोट आत घातलं आणि लिंबासकट गावभर हिंडली. लिंबं बदलली, ठणका वाढतच गेला. सासू भात डाव्या हातानं खाऊ लागली, तेव्हा सून तृप्तीनं सरळ ऑटो बोलावला.

"काहून? उतरून राहिलं ना लिंबानं!"

"उतरून राहिलं तं पदराखाली लपवता कायले, आत्याबाई?"

भंडाऱ्याच्या सर्जन रीता मॅडमनी लिंबू काढून बाजूला ठेवलं. "याचं लोणचं घाला," म्हणाल्या. मग एकेक बोट वाकवायला लावलं. डोळे मिटायला सांगून टोकांना कापूस लावला. तळहाताच्या बाजूनं बोट मुळापर्यंत दाबत गेल्या. शेवटी आखडलेलं बोट हळूच सरळ केलं, तशी शकुनबाई अशी ओरडली की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले.

"बोट वाकवणारी जी शीर असते, तिच्या खोळीत पू झालाय. आजच चिरावं लागेल. थांबलात तर बोट कायमचं ताठ."

ताठ बोटानं रोप कसं धरायचं? शकुनबाईनं हात पुढं केला. "चिर पोरी. पण वाकलं पाह्यजे."

पू निघाला, काटा निघाला, जखमही भरली. बोट मात्र काडीसारखं. मॅडमनी रोज वाकवायला सांगितलं होतं. नुसतं बोट हलवत बसायची शकुनबाईला लाज वाटे. तिनं घमेल्यात चिखल कालवला आणि अंगणात गवत रोवायला बसली.

शेजारची सुंदरबाई म्हणाली, "काय वो, घमेल्यात किती पोते होतीन औंदा?"

"तुले जेवाले बलावतो ना, भांडं घेऊन येजो!"

आखाड सरता सरता शेवटची तपासणी झाली. "मूठ करा." बोट आलं, मध्येच अडलं, थरथरलं, आणि तळहाताला टेकलं. शकुनबाईनं मूठ तशीच धरून मॅडमकडे पाहिलं.

"आता रोवणी?"

"करा," मॅडम हसल्या.

शकुनबाई उठलीच.

"आत्याबाई, गोळ्या घ्याच्या हायत!"

"तू घे. बांधी पाण्यानं भरून हाय माझी."

लुगडं खोचत ती फाटकाबाहेर पडली, बसस्टँडच्या वाटेनं, भरभर. गोळ्यांच्या रांगेत उभी तृप्ती ती वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिली.