धोंडूतात्यांनी धरलेला टेप

माझे चुलते धोंडूतात्या फसवले गेले ते पोळ्याच्या आदल्या दुपारी. मी सातवीत होतो. आज ताज्या डांबराचा वास आला अन् ती दुपार आठवली.

बायपासच्या मोजणीला साहेब आल्ते. तात्यांनी मेंढरं बाभळीखाली बसवून त्यांना ताक पाजलं, टेपचं टोकही स्वतः धरलं.

"साहेब, मेंढरं पल्याड कशी जातील?"

"रस्त्याखालून बोगदा ठेवू, बाबा. टेप घट्ट धरा."

"हातातून मेंढरू सुटत न्हाई, टेप काय सुटतो! ओढा जल्दी!" तात्या हसत म्हणाले.

मला तेव्हा तात्यांचा केवढा अभिमान वाटला! आज तेच हसू आठवलं की रडू येतं.

त्या शब्दावर तात्यांनी कागदावर सही दिली. नकाशात बोगदा नव्हताच, अन् तो झालाही नाही. मेंढरं पलीकडं नेताना तात्या ट्रकखाली गेले.

तुमच्या गावात मोजणी आली, तर नकाशात बोगदा दाखवायला लावा. तोवर एकही सही देऊ नका.