सांत्वनाला गेले आणि वचनावरून भांडले

मंडळी, आज अमरावतीहून अकोल्याला माझ्या भाचीकडे, सुवार्ताकडे सांत्वनाच्या प्रार्थनेला गेले होते. तिचा तरुण मुलगा गेला.

चर्चमधल्या एक बाई तिला म्हणाल्या, "मागा म्हणजे मिळेल, असं बायबलात वचन आहे. तू प्रार्थना केलीस, पण तुझाच विश्वास कमी पडला."

माझं डोकंच फिरलं. "एक ओळ उचलून आईच्या तोंडावर काय मारता? मागचंपुढचं वाचा!" मी तिथेच अख्खा अध्याय समजावू लागले. त्याही हटेनात.

तेवढ्यात सुवार्ताच ट्रे घेऊन आली आणि मला म्हणाली, "मावशी, काहून भांडून राहिल्या? चहा घ्या."

बाईंनी कप घेतला, मीही घेतला, पण सुवार्ताजवळ कोणी बसलंच नाही. रडणाऱ्यांबरोबर रडा, हेही वचनच. त्याला मागचंपुढचं वाचावं लागत नाही.

उद्या पुन्हा जाणार आहे. गप्प बसणं तुम्हाला जमतं का हो?