ट्रॅकसूटची चेन

थंडीची सकाळ होती आणि प्रमुख पाहुणे माइकवरून खेळाचं महत्त्व सांगत होते. मी त्यांच्या शेजारी मांडवात बसलो होतो, अंगावर स्वागताची शाल, मांडीवर नारळ. विद्यापीठाच्या क्रीडा संचालकाची जागा हीच. समोर फक्कीच्या रेषेमागे दीड हजार मीटरच्या मुली उभ्या होत्या. पाहुण्यांनी झेंडा दाखवल्याशिवाय आमच्याकडे पहिली शर्यत सुटत नाही.

त्यातली एक मुलगी ट्रॅकसूट उतरवून जागच्या जागी उड्या मारत होती. मग ती थांबली. पिशवीतून जॅकेट काढून तिनं पुन्हा अंगात घातलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. मांडवात कुणाच्या ते लक्षातही आलं नसेल. मला कळलं, तापवलेलं अंग निवायला लागलं होतं.

मी धावायचो तेव्हा वाटायचं, मांडवातल्या साहेबाला काय, नुसतं बसायचं. आता ते बसणंच अंगावर येतं. आधी धावलो, मग मुलांना धावायला शिकवलं, आणि ते बरं जमलं म्हणून इथं आणून बसवलं. इथून मैदान सगळं दिसतं, करता काही येत नाही.

तरी वाकून हळूच म्हणालो, "साहेब, मुली खोळंबल्यात."

त्यांनी मान डोलावली आणि माइकवर म्हणाले, "बघा, आमच्या संचालकांना मुलींची किती काळजी!"

टाळ्या पडल्या. भाषण पुढे सुरू झालं. समोर बाकीच्या मुलीही एकेक करून जॅकेट घालू लागल्या. मीही शाल जरा घट्ट ओढून घेतली.